वडिलांच्या काळ्या सायकलला मोटर बसवायची आहे. कुणी घरी केलंय का?

पोवईनाका | ८ जून, रात्री १०:१२

मंडळी, वडिलांची चोवीस इंची काळी सायकल आहे. दांड्याचे ब्रेक, डबल स्टँड, पूर्ण चेनकव्हर, मागे डायनॅमो. ऐंशीच्या दशकातली. वडिलांनी एसटीतली सगळी नोकरी तिच्यावर काढली, आता ती जिन्याखाली उभी असते आणि आम्ही तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालतो.

मी राहतो सातारा शहरात, कामाला एमआयडीसीत. साधारण सात किलोमीटर. सकाळी जाताना हवा खात, संध्याकाळी येताना हवा टाइट. तर पुढच्या चाकात ३६ व्होल्ट, २५० वॅटची हब मोटर (चाकाच्या मध्यभागी बसणारी) आणि कॅरिअरवर बॅटरी असं डोक्यात आहे. हाताला थोडं काम येतं, सोल्डरिंग जमतं, मल्टिमीटर आहे. बायको म्हणते, त्यापेक्षा जुनी स्कूटी घ्या. तो सल्ला सोडून बाकी सगळे सल्ले हवेत.

चढ चढेल का? बॅटरी कोणती? आणि मी कुठे आपटणार आहे?

---

रिकामटेकडा | रात्री १०:२०

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर : साताऱ्याच्या बोगद्याच्या उतारावर.

---

उलटा_आटा | रात्री ११:०५

भोसरीत टूलरूममध्ये आहे. गेल्या सहा वर्षांत स्वतःच्या दोन आणि मेहुण्याची एक अशा तीन सायकली केल्या, त्यातली एक चालतेही.

मोटरचा विचार सगळ्यात शेवटी करा. आधी जिन्याखाली जा आणि चाकाच्या रिमची भोकं मोजा. या जुन्या सायकलींत पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात. हब मोटर येते ३६ भोकांची. म्हणजे तुमची रिम बाद.

आता नवी ३६ भोकांची रिम आणलीत की पुढचा घोळ. दांड्याच्या ब्रेकचे गुटके रिमच्या आतल्या अंगाला, आऱ्यांच्या बाजूने दाबतात. जुन्या रिमचा आकारच त्यासाठी तसा असतो. नव्या अॅल्युमिनियम रिमला ब्रेक दोन्ही कुशींनी धरायचा असतो. म्हणजे पुढचा ब्रेकही बाद. म्हणजे तुम्ही सायकल जास्त पळणारी आणि कमी थांबणारी करायला निघाला आहात. हे आधी सोडवा, मग मोटरचे पैसे भरा.

तिसरं, पुढचं चाक धरणारा चिमटा. मोटरचा आस १२ मिमीचा आणि दोन बाजूंनी तासून १० मिमी केलेला असतो. तुमच्या चिमट्याची खाच त्याहून बारीक निघेल. कानस लागेल. बेताने.

---

पोवईनाका | रात्री ११:३१

आत्ता टॉर्च घेऊन जिन्याखाली जाऊन आलो. ३२. बायकोने विचारलं काय मोजताय. सांगितलं. ती काही बोलली नाही, हे जास्त वाईट.

---

लूनाबहाद्दर | ९ जून, सकाळी ६:४८

अवांतर होईल, पण राहवत नाही. सायकलला इंजिन लावायचा किडा जुना आहे. लढाईनंतर जपानात पेट्रोल आणि वाहनं दोन्हींची टंचाई, तेव्हा १९४६ साली सोइचिरो होंडांनी सैन्याच्या वायरलेस संचांना वीज देणारी शिल्लक राहिलेली छोटी इंजिनं उचलली आणि सायकलींवर चढवली. पहिल्यापहिल्यांदा पेट्रोलची टाकी म्हणून शेकायची गरम पाण्याची बाटली वापरली होती! त्याच सुमारास फ्रान्समध्ये सोलेक्स आली. इंजिन पुढच्या चाकावर बसवलेलं, आणि एक रोलर टायरला घासून चाक फिरवणार. ना चेन, ना गिअर.

आपल्याकडे १९७२ साली कायनेटिकची लूना आली. ५० सीसी आणि पायडल. माझी पहिली गाडी तीच. चढाला पायडल मारायचंच, त्यात लाज नव्हती. हल्लीच्या पोरांना मोटर लावली की पाय हलवायचे नसतात.

---

वऱ्हाडी_ठेचा | सकाळी ९:१५

काका, तुमचा तो रोलरवाला जुगाड मी केला न बाप्पा! आमच्याकडे गवत कापाची मशीन होती, २५ सीसीची. पातं काढलं, इंजिन कॅरिअरवर कसलं, अन् लोखंडी रोलर मागच्या टायरवर टेकवला. गावभर पोट्टे मागं. आवाज असा का म्हशी दावं तोडून पळाल्या.

तीन दिवसांत टायरची चटणी. रोलरवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, तं थोडं बरं चाललं. मग पाऊस आला अन् रोलर नुसता जागच्या जागी फिरे, सायकल हले ना. इंजिन पुन्हा गवताले लावलं. बाबा आठ दिवस बोलले नाही माह्याशी.

---

नियमावली | सकाळी १०:०२

गंमत अशी की २५ सीसीपर्यंतचं इंजिन असलेलं, चारपेक्षा कमी चाकांचं वाहन १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत 'मोटार वाहन' धरलेलंच नाही. तुमची म्हशींची आरोळी त्यात बसत होती. ८० सीसीची किट आणून लावतात ते मात्र सरळसरळ बिनानोंदणीचं वाहन.

विजेवरच्या सायकलीला वेगळी सूट आहे. मोटरची अर्ध्या तासाची ताकद २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किमीच्या आत, बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत. पण ही सूट मान्यताप्राप्त तपासणी संस्थेने, म्हणजे आपल्या पुण्यातल्या एआरएआयसारख्या, पास केलेल्या मॉडेलला असते. जिन्याखाली जोडलेल्या सायकलला तो कागद कुठून आणणार? तेव्हा 'लायसन्स लागत नाही' हे वाक्य छातीठोकपणे कुणी म्हणू नये.

---

चाक_शिंदळ | सकाळी १०:१८

झालं. आले कागदवाले. रोज तीन सीट बसवून उलट्या बाजूने येणाऱ्यांना कुणी विचारत नाही आणि वडिलांची सायकल म्हणे बेकायदा.

---

नियमावली | सकाळी १०:२५

मी बेकायदा म्हटलेलं नाही. परत वाचा.

---

राइन_काठी | दुपारी १:४०

जर्मनीत इकडेही २५० वॅट आणि २५ किमीच. शिवाय पायडल मारलं तरच मोटर चालणार; नुसती मूठ पिळून फार तर ताशी ६ किमी, तेही सायकल ढकलताना मदत म्हणून. ४५ किमीवाल्या वेगळ्या असतात, त्यांना विम्याची नंबरपाटी लागते आणि सायकलमार्गावर सहसा मज्जाव. माझ्या ऑफिसातल्या एका पोराने वेगाची मर्यादा काढून टाकली, तर पोलिसांनी सायकल रोलरवर चढवून वेग मोजला. बिचाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता म्हणे.

---

ओहमचा_नियम | दुपारी ३:१०

चढाचा हिशोब करून टाकू, उगाच भावनेवर नको.

तुम्ही, सायकल आणि सगळा बोजा मिळून १०० किलो धरू. सहा टक्क्यांचा चढ, म्हणजे १०० मीटरला ६ मीटर उंची. ताशी १२ किमीने चढायचं तर नुसतं वर उचलायला १९६ वॅट लागतात. टायरचं घर्षण वगैरे धरून २३०. आता पायांनी ८०-९० वॅट आरामात निघतात. उरलेले दीडशे मोटरने दिले की झालं, ती गुणगुणत चढेल. पण पाय मांडी घालून बसलात तर सगळे २३० तिच्यावर, तेही कमी फेऱ्यांवर. तिथे मोटरची कार्यक्षमता पडते आणि वीज चाकात जायच्या ऐवजी मोटरच्या तांब्याच्या तारेत जिरते. आतले गिअर नायलॉनचे असतात, हे लक्षात ठेवा. लूनाबहाद्दर काकांचं म्हणणं म्हणून बरोबर आहे.

बॅटरी ३६ व्होल्ट १० एएच (अँपिअर-तास) म्हणजे ३६० वॅट-तास. पायडल मारत गेलात तर किलोमीटरला १० ते १२ जातील. तीसेक किलोमीटर. तुमचं जाऊन-येऊन १४. पुरे.

एक हात जोडून : जुन्या लॅपटॉपमधले सेल काढून पॅक करू नका. मी केला होता. वेगवेगळ्या वयाचे सेल, त्यातला एक म्हातारा. बाकीचे ३.७ व्होल्टवर आणि हा २.६ वर. बीएमएस, म्हणजे सेल सांभाळणारं सर्किट, स्वस्तातलं, त्याने तोडायला हवं होतं, तोडलं नाही. रात्री दोन वाजता बाल्कनीतून गोड-गोड, नेलपॉलिशसारखा वास आला म्हणून उठले. पॅक वाळूच्या बादलीत पुरला आणि सकाळपर्यंत राखण केली. तयार पॅक घ्या, आणि बॅटरीच्या अगदी जवळ २० अँपिअरचा फ्यूज घाला. तो फ्यूज कंट्रोलरपाशी (मोटरला वीज सोडणारी डबी) घालू नका, मधली वायर मग बेवारस राहते.

---

संत्रानगरी | दुपारी ३:५५

ओहमताईंना +१. आमच्या नागपूरच्या उन्हात एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल बरे. बारा जोडले की ३८.४ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४३.८. जड होतात, पण तापटपणा कमी. चार्जर मात्र त्यांचाच वेगळा लागतो, ४२ व्होल्टचा साधा लिथियम चार्जर लावून 'बॅटरी भरतच नाही' म्हणून ओरडू नका. आणि उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नये. बहुतेक लिथियम सेलना चार्ज करताना ४५ अंश ही वरची हद्द. मेमध्ये आमच्या अंगणातच तेवढं असतं.

---

जुनं_ते_सोनं | सायंकाळी ७:३०

मला हे सगळं वाचून पोटात कालवतंय. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद पडला, तेही ३ जूनला, जागतिक सायकल दिनी. या सायकली आता होणार नाहीत. आणि तुम्ही त्या चिमट्यावर कानस चालवणार? ओव्हरहॉलिंग करा, छर्रे बदला, ग्रीस भरा, आहे तशी चालवा. मोटरच हवी तर चार हजारांत जुनी गिअरची सायकल मिळते, तिच्यावर काय ते अत्याचार करा.

---

पोवईनाका | रात्री ९:००

तुमचं पटतं, पण ओव्हरहॉलिंग करून आहे तशी चालवली असती तर गेली बारा वर्षं टॉवेल कुठे वाळत घातले असते? आणि माझी कोणती कंपनी ते मी लिहिलेलंच नाही.

---

जुनं_ते_सोनं | रात्री ९:०४

कोणतीही असो.

---

उलटा_आटा | रात्री ९:४०

जुन्यासोन्यांची भीती अगदीच अनाठायी नाही. कानशीबद्दल सांगतो. पहिल्या सायकलला मी टॉर्क आर्म, म्हणजे आस फिरू नये म्हणून लावतात ती पट्टी, लावला नव्हता. वाटलं नट करकचून आवळलाय, काय होतंय. मोटर चाक पुढे फिरवते तेव्हा आस मागे फिरायला बघतो. महिनाभर त्याने खाच थोडीथोडी खाल्ली, आणि एके दिवशी सिग्नल सुटल्यावर मूठ पिळली तर आस गर्रकन फिरला, वायर आसाभोवती दोरीसारखी गुंडाळली जाऊन तुटली आणि चाक खाचेतून सुटून बाहेर. वेग नव्हता म्हणून कोपरावर निभावलं. आता ५ मिमीच्या पट्टीचा, आसाच्या चपट्या बाजूंना घट्ट बसणारा आर्म, दोन्ही बाजूंना. तो एक मिमी सैल असेल तर नसल्यातच जमा.

---

मिरगाचा_पाऊस | १० जून, सकाळी ७:०५

देवगडहून. कोणीच पाण्याचं बोललं नाय म्हणून लिहितो. मोटरची वायर आसातून बाहेर येते. ती सरळ वर नेलीत की पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत थेट मोटरीच्या पोटात. वायर आधी खाली सोडायची, पागोळीसारखी, आणि मग वर घ्यायची. पाणी त्या खालच्या वळशावरून गळून जातं. एवढंच. माझी पहिली मोटर एका पावसाळ्यात आतून गंजून चहाच्या रंगाची झाली, तेव्हा हे कळलं.

---

रिकामटेकडा | सकाळी ७:३०

आमच्या पोवईनाक्यांचा पावसाळ्यापूर्वीचा मुहूर्त गेलाच म्हणायचा.

---

पोवईनाका | १७ ऑगस्ट, रात्री १०:४०

धागा वर काढतोय. सायकल उभी राहिली, चालली, रुसली. सविस्तर लिहितो.

ब्रेकचं कोडं असं सुटलं : मागचं चाक आणि मागचा दांड्याचा ब्रेक आहे तसाच ठेवला. पुढे ३६ भोकांची ७०० ची अॅल्युमिनियम रिम. जुन्या रिमपेक्षा ती त्रिज्येत सहा-साडेसहा मिमीच कमी भरते, त्यामुळे चिमट्याच्या डोक्यावर मडगार्डच्या बोल्टचं जे भोक होतं त्यातच रिमला दोन्ही कुशींनी धरणारा, लांब हातांचा कॅलिपर ब्रेक बसला. आमच्या पेठेतल्या सायकलवाल्या काकांनी मोटरच्या मापाचे आरे कापून, आटे पाडून दिले. आऊट काढायला, म्हणजे चाक सरळ करायला, मात्र त्यांनी मला समोर बसवलं आणि चावी माझ्या हातात दिली. दीड तास. एक आरा आवळला की चाक भलतीकडे पळतं.

चिमटा दोन्ही बाजूंनी चार-चार मिमी फाकवला, कानस मारली (जुनंतेसोनं, माफी), दोन टॉर्क आर्म, वायरीला देवगडची पागोळी. बॅटरी एलएफपी, कॅरिअरवर लोखंडी पेटीत.

ब्रेक दाबल्यावर मोटर बंद व्हायला स्विच लागतो. तो नव्या ब्रेकच्या मुठीत येतो, पण मागच्या दांड्याच्या ब्रेकला कुठला बसणार? दाराच्या अलार्मचा चुंबकी स्विच मिळाला, चुंबक ब्रेकच्या दांड्याला चिकटवला, स्विच फ्रेमला. दांडा अर्धा इंच वर आला की मोटर गप्प. या एका गोष्टीचा मला मोटरपेक्षा जास्त अभिमान आहे.

आता रडगाणं. चाक हवेत ठेवून पायडल मारलं, मोटर ढिम्म. वैतागून पायडल उलटं फिरवलं, तर मोटर सुसाट. म्हणजे सायकल उलटं पायडल मारून चालवायची! मुलगा हसून हसून जमिनीवर लोळला. चेनकव्हरमुळे उजवीकडे जागा नव्हती, म्हणून पायडल फिरतंय हे सेन्सरला कळवणारी चुंबकांची चकती डावीकडे बसवली होती. बाजू बदलली की सेन्सरला फिरण्याची दिशा उलटी दिसते. चकती पालथी केली, काम झालं.

दुसरं अजून सुटलेलं नाही. सपाटीवर मस्त चालते. पोवई नाक्याच्या चढाला अर्ध्यात आली की मोटर बंद. दोन सेकंद थांबून परत चालू. परत बंद. बॅटरी पूर्ण भरलेली. कंट्रोलर खराब?

---

ओहमचा_नियम | रात्री ११:१५

कंट्रोलरला शिव्या द्यायच्या आधी मोजा. बंद पडते त्या क्षणी व्होल्टेज किती, बॅटरीपाशी आणि कंट्रोलरच्या दारात, दोन्हीकडे. एकाच ठिकाणी मोजलंत तर काही कळणार नाही. ३६ चे कंट्रोलर साधारण ३१ च्या आसपास 'बॅटरी संपली' समजून हात वर करतात.

---

चाक_शिंदळ | रात्री ११:२०

चढावर सायकल चालवत मल्टिमीटर कसा बघायचा? दातात धरून?

---

पोवईनाका | १९ ऑगस्ट, रात्री ८:५०

मुलाला मागे बसवलं, त्याच्या हातात मीटर. तो आकडे ओरडत होता आणि लोक वळून बघत होते. दोन फेऱ्या केल्या, एकदा इकडे, एकदा तिकडे.

बॅटरीपाशी ३५.२. कंट्रोलरपाशी ३१.३.

---

ओहमचा_नियम | रात्री ९:०२

मग चोर मधेच आहे. जवळजवळ ४ व्होल्ट रस्त्यात गळतायत. कंट्रोलर चढावर १४ अँपिअर घेत असेल तर ५५ वॅट नुसते वायर आणि कनेक्टरमध्ये जळतायत. साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. म्हणजे तुमच्या पेटीत दोन सोल्डरिंग आयर्न चालू आहेत. आता तिथे हात लावून बघा. जपून.

---

पोवईनाका | रात्री १०:२५

हात लावायची गरज पडली नाही. पेटी उघडल्यावर वासच आला. किटसोबत आलेला पांढरा कनेक्टर एका बाजूने तपकिरी झालाय, आतली पिन काळी. शिवाय पेटीपासून कंट्रोलरपर्यंत मी घरातली फॅनच्या वायरिंगची उरलेली वायर वापरली होती. कबूल करतो.

---

उलटा_आटा | रात्री १०:३१

फॅनची वायर. धन्य आहात.

---

पोवईनाका | २४ ऑगस्ट, सायंकाळी ७:१५

जाड तांब्याची वायर, एक्सटी ९० अँटीस्पार्क (जोडताना ठिणगी न उडवणारा) कनेक्टर. पोवई नाका न थांबता चढली. आता दोन्हीकडच्या आकड्यांत अर्ध्या व्होल्टचाही फरक नाही. शंभर किलोमीटर झाल्यावर आरे पुन्हा आवळले, पाच-सहा चांगलेच सैल झाले होते. ज्यांनी कुणी चाक घरी विणलंय त्यांनी हे विसरू नये. पिळायची मूठ काढून टाकली, फक्त पायडलवर चालते. नियमावलींसाठी म्हणून नव्हे, चढाला मोटर तापत नाही म्हणून.

---

नियमावली | सायंकाळी ७:४०

कारण काही का असेना, नोंद घेतली आहे.

---

लूनाबहाद्दर | रात्री ८:१०

वडील बसले की नाही?

---

पोवईनाका | रात्री ८:३३

रविवारी बसले. आधी बॅटरीचा कनेक्टर काढायला लावला. राजवाड्यापर्यंत जाऊन आले आणि म्हणाले, हँडल उजवीकडे ओढतंय, पुढच्या चाकाचा आऊट नीट काढलेला नाही. काकांकडे घेऊन गेलो तर खरंच दोन मिमी होता.

---

जुनं_ते_सोनं | रात्री ९:४५

ती जुनी पुढची रिम भंगारात घातली नाहीत ना?

---

पोवईनाका | रात्री ९:५०

माळ्यावर आहे. बत्तीसच्या बत्तीस आऱ्यांसकट. टॉवेल आता तिच्यावर वाळतात.